पोईचं भांडं उघडं असताना

अण्णाकाकांनी माझ्या बहिणीच्या सासरच्या थोरल्या भावावर उलटी केली. दुपारी पावणेदोनच्या सुमारास, कठड्यावरून वाकून, दोन हप्त्यांत.

ही गोष्ट घडलेली नाही. म्हणजे आमच्या घरात ती घडलेली नाही असं ठरलंय. अण्णाकाकांना आज विचारलंत तर हवाई बेटांची हवा निरोगी आहे आणि तिथला नीरफणस आपल्या कोकणातल्यासारखाच लागतो, एवढंच सांगतील. तेव्हा वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजा. आपण सकाळपासून सुरुवात करू. सकाळी ते घर ताईचं सासर झालेलं नव्हतं, आणि थोरला भाऊ ही काय भानगड आहे तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

सकाळी साडेनऊ वाजता मी ओआहू बेटावरच्या एका खाचरात मांडीपर्यंत चिखलात उभा होतो आणि माझ्या पायाच्या बोटांमधून काहीतरी चालत गेलं. चालत गेलं म्हणजे घाईत नाही. आपलंच घर असल्यासारखं, दारं-खिडक्या बघत.

खाचर अळूचं होतं. एवढ्या लांब, तीन विमानं बदलून, पासपोर्टवर चार शिक्के मारून घेऊन आम्ही अळूत येऊन उभे राहिलो होतो. माझ्या एका हातात बादली होती आणि मला गोगलगायी वेचायचं काम दिलं होतं. या गोगलगायी अळूच्या देठांवर अंडी घालतात. अंडी गुलाबी असतात, लहान मुलीच्या फ्रॉकसारखी गुलाबी, आणि बोटाने खरवडली की फुटतात. फुटल्यावर काय होतं ते मी सांगणार नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि त्या सकाळपर्यंत मला गुलाबी रंग आवडायचा.

आम्ही चौघं होतो. ताई, म्हणजे मुग्धा, पाच वर्षं तिथे राहून समुद्रातल्या प्रवाळांवर संशोधन करत होती. तिला कालेओ नावाच्या तिथल्याच माणसाशी लग्न करायचं होतं. कालेओ शाळेत शिकवायचा आणि उरलेल्या वेळात घरची अळूची खाचरं बघायचा. आई होती. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे बाबांचे थोरले भाऊ, अण्णाकाका, बोलणी करायला आले होते. आणि मी होतो, कारण आईला इंग्रजी येत नव्हतं आणि तिला समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. ताई स्वतःच्या लग्नात दुभाषी होऊ शकत नाही, असा काकांनी निर्णय दिला होता.

काका नगरपरिषदेतून स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त नगरपरिषदेतून झाले होते, निरीक्षणातून नाही. कुठल्याही घरी गेले की आधी मोरी बघत.

ताईची अट एकच होती. आईने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं तर ती लग्न करणार, नाहीतर नाही. काकांचं हो तिला नको होतं, नाहीही नको होतं. ही अट ऐकायला सोपी वाटते. पण आमची आई चहा घेणार का असं विचारलं तरी आधी काकांकडे बघायची. बाबा होते तेव्हा बाबाही काकांकडे बघायचे. आमच्याकडे थोरला भाऊ म्हणजे घराचा शिक्का. कागद कुणाचाही असो, तो बसल्याशिवाय पुढे सरकत नाही.

त्या घरात शिरतानाच पहिला अपघात झाला होता. कालेओच्या आईला सगळी वस्ती आंटी नोहेआ म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. साठीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. तिने पुढे होऊन काकांचे खांदे धरले, आपलं कपाळ त्यांच्या कपाळाला आणि नाक नाकाला टेकवलं आणि खोल श्वास घेतला. तिथली ही रीत आहे, एकमेकांचा श्वास वाटून घ्यायचा. काकांनी श्वास रोखून धरला. आंटी वाट बघत राहिली. कोण आधी हरतं याची ती स्पर्धा झाली आणि काका अठरा सेकंदांत हरले. त्यानंतर त्यांनी रुमालाने नाक पुसलं, रुमाल पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, आणि हातांना काहीतरी चोळलं.

मग आंटीने सांगितलं की जेवायच्या आधी सगळ्यांनी खाचरात उतरायचं. जो चिखलात पाय घालत नाही त्याला पंगतीला बसवत नाहीत. आई कुणी सांगायच्या आत उतरली. परदेशासाठी म्हणून मुद्दाम शिवलेला पंजाबी ड्रेस तिने गुडघ्यापर्यंत खोचला आणि परसात असल्यासारखी तण उपटायला लागली. काकांनी दोन्ही पायांत विमानतळावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, वर रबरं लावली आणि एक पाय खाली टेकवून लगेच बांधावर घेतला. नियम पाळल्याची नोंद व्हावी, एवढ्यापुरता.

जेवण घराच्या ओसरीवर होतं. समोर कठडा, कठड्याखाली खाचर. आम्ही शाकाहारी म्हणून त्यांनी खास तयारी केली होती. उकडलेली रताळी, केळी, भाजलेला नीरफणस. काकांनी तिन्ही पदार्थ तपासून पास केले. मग मधोमध एक लाकडाचं मोठं भांडं आलं आणि आंटीने त्यावरचं झाकण काढलं.

त्यात पोई होती. पोई म्हणजे अळूचे कांदे उकडून, दगडाने कुटून, पाणी घालून केलेला लगदा. रंग राखाडी-जांभळा. भिंतीला रंग द्यायच्या आधी जे लावतात तसं दिसतं. ही चार दिवस ठेवून आंबवलेली होती, कारण पाहुण्यांना चांगलं तेच द्यायचं. वर मधूनच एखादा बुडबुडा येऊन फुटत होता. हे सगळं मी सहन केलं असतं. पण खायची पद्धत अशी होती की सगळ्यांनी त्या एकाच भांड्यात बोट बुडवायचं, गोल फिरवायचं, बोट चाटायचं, आणि तेच बोट पुन्हा भांड्यात.

मी आजवर काकांचा चेहरा नगरपरिषदेच्या सार्वजनिक मुताऱ्यांसमोर पाहिला आहे. हा चेहरा त्याच्या वरच्या श्रेणीचा होता.

"उष्टं," ते मला मराठीत म्हणाले. "सामुदायिक उष्टं."

आंटीने एक नियम सांगितला. भांडं उघडं असेतोवर टेबलावर भांडण करायचं नाही, कुणाबद्दल वाकडं बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही. कारण भांडं उघडलं की थोरला भाऊ येऊन बसलेला असतो. त्याच्यासमोर असं वागत नाहीत. कुठला थोरला भाऊ, हे तिने तेव्हा सांगितलं नाही. काकांना वाटलं आपल्यालाच उद्देशून मान दिला जातोय. ते म्हणाले, घराला शिस्त दिसते.

मग काकांनी आपला कुलवृत्तांत काढला. सव्वा किलोचा ग्रंथ, काखेतल्या पिशवीतून जगभर फिरवून आणलेला. आम्ही फणसळकर, अमक्या गोत्राचे, अमक्या गावचे. मूळ पुरुषापासून काकांपर्यंत चौदा पिढ्या त्यांनी सहा मिनिटांत म्हणून दाखवल्या. आंटीने मान डोलावत सगळं ऐकलं. तिला हे मनापासून आवडलं होतं. मग काकांनी पेन सरसावून विचारलं की तुमचा मूळ पुरुष कोण.

आंटीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी रात्र होती. कुणी केलेली नव्हती, कुणाची नव्हती, नुसती रात्र. काकांनी विचारलं, कर्ता कोण. आंटी म्हणाली, कोणी नाही, रात्रच आपली आपण दाट होत गेली. काकांनी कर्त्याची जागा कोरी ठेवली. मग त्या रात्रीत तळाशी चिकट गाळ साचला. बुळबुळीत. त्या बुळबुळीतून जमीन. आणि त्यातून पहिलं जन्मलं ते प्रवाळ. ताईने हळूच मान वर केली, आपल्या कामाचा उल्लेख झाल्यासारखी. मग अळी, मग माती उकरणारा गांडूळ, मग समुद्रतारा, मग समुद्रकाकडी, आणि मग शिंपले आणि गोगलगायी, एकेक नाव घेऊन.

दहा मिनिटं झाली तरी कणा असलेलं कोणी आलं नव्हतं. काकांचं पेन समुद्रकाकडीपाशी थांबलं होतं.

मी आईला शक्य तेवढं सांगत होतो. आंटीचं म्हणणं सरळ होतं. जो आधी जन्मला तो मोठा. माणूस सगळ्यात शेवटी आला, रात्र संपून उजाडल्यावर, म्हणून तो सगळ्यांत धाकटा. मोठ्यांचा मान ठेवायचा, बास. मी मनातल्या मनात हिशेब केला. सकाळी माझ्या पायाच्या बोटांतून जे गेलं होतं, ते नात्याने माझं आजेसासरे-पणजोबा कोणीतरी लागत होतं, आणि मी त्याला वाकून नमस्कार करायच्या ऐवजी किंचाळलो होतो.

काकांना बोलायचं होतं. पण भांडं उघडं होतं आणि नियम म्हणजे नियम. जन्मभर दुसऱ्यांना नियम दाखवणाऱ्या माणसाला तो मोडता येईना. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आपल्या दशम्यांच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढलं आणि ते अगदी सावकाश, दोन्ही हातांनी, पोईच्या भांड्यावर ठेवलं.

मग ते बोलले. इंग्रजीत, खरडून ठेवलेल्या शेऱ्यांसारखं. सदर कुटुंबाच्या भावनांचा आदर ठेवून नमूद करावंसं वाटतं की आमची उत्पत्ती ब्रह्मदेवाच्या मुखातून झालेली आहे. चिखल, शेवाळ आणि तत्सम पदार्थांशी आमच्या कुळाचा...

आंटीने झाकण उचललं, बोट बुडवलं, चाटलं. काका वाक्याच्या मध्यात थांबले. तिने झाकण बाजूला ठेवलं. काकांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा ठेवलं. संबंध जोडताना उगमाचा विचार... कालेओने झाकण उचललं. त्याला वाटलं हा आमच्याकडचा आग्रहाचा प्रकार असावा. असं पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी काकांना अर्धं वाक्य मिळत होतं.

त्यातल्या तिसऱ्या झाकणाला मी म्हणालो, काका, तोंडातून जन्म म्हणजे तेही ओलंच असणार की. ताईने टेबलाखालून लाथ मारली. ती चुकून कालेओला लागली. तो हसला. त्याला वाटलं हीही आमच्याकडची रीत.

पाचव्या झाकणाला काकांनी इंग्रजी सोडलं. ते ताईकडे बघून मराठीत बोलले.

"मुग्धा, ऐक. गाळातून आलेल्या घरात मी मुलगी देणार नाही. नलिनीचंही तेच मत आहे. परतीचं तिकीट तुझंही काढू."

नलिनी म्हणजे आई. आई ताटाकडे बघत होती. ताई आईकडे बघत होती. आईने मान वर केली तर काय होणार आणि नाही केली तर काय होणार, ते टेबलावरच्या सगळ्यांना कळत होतं, आंटी सोडून. आंटीने मला विचारलं, काय म्हणाले.

मी सांगितलं, नीरफणस फार आवडला म्हणतायत.

हे वाक्य मी एवढ्या सहज बोललो की मला माझीच किळस आली. पोईची नाही, गोगलगायीच्या अंड्यांची नाही. कालेओला ताईने थोडं मराठी शिकवलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग नीरफणसाची थाळी उचलून काकांपुढे सरकवली.

आंटी खूश झाली. झाकण काढून तिने बाजूला ठेवलं आणि म्हणाली की आता थोरल्या भावाबद्दल सांगते. पाहुण्यांनी एवढं प्रेमाने जेवल्यावर सांगायचं असतं.

आकाशाचा धनी होता, तिने सांगितलं, आणि आकाशात तारे लावणारी त्याची मुलगी होती. त्यांना पहिलं मूल झालं ते दिवस भरायच्या आधी. हातपाय नीट नव्हते, श्वास नव्हता, कांद्यासारखा गोळा होता. त्यांनी ते घराच्या कोपऱ्याशी पुरलं. आई रडली, ते पाणी त्या जागेवर पडलं. काही दिवसांनी तिथून कोंब आला. लांब देठ, वर थरथरणारं पान. ते पहिलं अळू. मग दुसरं मूल झालं, जिवंत. तो पहिला माणूस. आम्ही सगळे त्या दुसऱ्याची पोरं.

तिने हनुवटीने आधी भांड्याकडे आणि मग कठड्याखालच्या खाचराकडे खूण केली. हा तो थोरला. धाकट्याने त्याची निगा राखायची, थोरल्याने धाकट्याला खायला घालायचं. मग तिने काकांना सहज विचारलं, तुमच्यात थोरल्या भावाचं काम काय असतं.

काका म्हणाले, निर्णय घेणं.

मी हे सगळं आईला वाक्यावाक्याने सांगत होतो. सांगताना माझा आवाज रेल्वेच्या सूचनेसारखा होता, कारण माझं अर्धं लक्ष बुडबुड्यांकडे होतं. कोंबापर्यंत आलो तेव्हा काका पुटपुटले की शी, हे लोक मेलेलं पोर खातात, आणि त्यांनी झाकणाला हात घातला. त्यांना सहावं वाक्य बोलायचं होतं.

आईने भांड्याच्या काठावर हात ठेवला.

"राहू द्या उघडं, भाऊजी."

काकांचा हात झाकणासकट हवेत राहिला. त्या हाताला थांबायची सवय नव्हती.

आई मला म्हणाली, "तिला विचार, त्या पहिल्याचं नाव ठेवलं होतं का."

मी विचारलं. आंटी म्हणाली, हो. आणि दुसरा झाला तेव्हा त्यालाही तेच ठेवलं, थोरल्याची आठवण म्हणून.

आईने हे ऐकून मान हलवली, बाजारात भाव बरोबर निघाल्यासारखी. मग ती बोलायला लागली. मी भाषांतर करणं थांबवलं, आणि आंटीने मागितलंही नाही.

"मुग्धाच्या आधी एक झाला होता," ती म्हणाली. "सातव्या महिन्यात. ओढ्याला पाणी चढलं होतं, पलीकडे नेता येईना. भाऊजींनी न्हाणीमागे पुरला. वर अळूचे कांदे लावले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मला बघू दिला नाही."

"नलिनी, जेवताना हे काय," काका म्हणाले.

"जेवतानाच. दुसरीकडे कुठे बोलू दिलंत?"

काकांनी भांड्याकडे बघितलं. ते उघडं होतं. आवाज चढवता येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खालच्या आवाजात उत्तर द्यावं लागत होतं आणि तो आवाज कुठे ठेवलाय हे त्यांना सापडेना. खाली बांधावर कोंबड्या फिरत होत्या.

"पंच्यात गुंडाळला होता," ते शेवटी म्हणाले. "माझ्याच. नवा होता पंचा." आणि थोड्या वेळाने, "नंतर पुष्कळ दिवस मी हात धूत होतो."

"ते मी बघत होते," आई म्हणाली. "मला वाटायचं, एकदा तरी विचारतील, काय नाव ठेवणार होतीस."

कोणीच विचारलं नाही, म्हणून ताईने विचारलं.

"हृषीकेश," आई म्हणाली.

इथे सांगायला हवं की माझं नाव हृषीकेश आहे.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायचं तर, शाळेत मला ताईचं वापरलेलं दप्तर मिळालं होतं, कंपासपेटी मिळाली होती, तिची सायकल मिळाली होती, मुलींची, पुढे दांडी नसलेली. नाव तेवढं कोरं मिळालं असं मी धरून चाललो होतो. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पण जे नाव ती घरात दिवसातून शंभर वेळा हाक मारून घ्यायची, त्यातल्या नेमक्या किती हाका माझ्यासाठी होत्या, असा एक प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि तिथेच बसून राहिला.

मग मला आठवलं ते न्हाणीमागचं अळू.

आमच्याकडे कसलंही कार्य असलं की अळू तिथून यायचं. सांडपाण्यावर माजलेलं, छत्रीएवढी पानं. श्रावणातल्या पंगतीला, मुंजीला, बाबांच्या श्राद्धालासुद्धा. चिंच, गूळ, दाणे आणि मुळ्याच्या चकत्या घालून केलेलं फदफदं. लोक दोनदा वाढून घेत. मी तीनदा. लहानपणी घशाला खाज सुटली की काका म्हणायचे, अळू आहे ते, ओळख दाखवतंय. बावीस वर्षं मी ते भुरके मारून खाल्लं होतं, बोटं चाटली होती, भातावर शेवटचा ओघळ पडेपर्यंत पातेलं तिरकं धरलं होतं.

पोटातून काहीतरी वर आलं. गळ्यापाशी थांबलं. पुढे यायचं की नाही, ते त्याचं ठरेना.

आई शांत होती. तिने उजव्या हाताचं एक बोट भांड्यात घातलं, गोल फिरवलं, तोंडात घातलं. तिने कधी कुणाच्या पानातलं उष्टं खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. तिने चव घेतली, जसं आमटीत मीठ झालंय का बघावं तसं.

"आंबट आहे," ती म्हणाली. "पण बाधणार नाही." मग ताईकडे वळून म्हणाली, "मुग्धा, माझं हो आहे. मी माझ्या तोंडाने सांगतेय. हृषी, तिच्या सासूला सांग."

मी सांगितलं. यावेळी नीरफणस मध्ये आणला नाही. ताईने काही केलं नाही, फक्त हातातलं रताळं खाली ठेवलं आणि रडायला लागली. कालेओने तेच रताळं उचलून तिच्या हातात परत दिलं, कारण त्याला दुसरं काय करावं सुचेना.

आईने भांडं काकांपुढे सरकवलं.

"घ्या, भाऊजी."

आईने काकांना काही करायला सांगितल्याचा हा आमच्या घरातला पहिला प्रसंग होता. त्याला आधीचा दाखला नव्हता, त्यामुळे नाही कसं म्हणायचं याची पद्धतही नव्हती. काकांनी झाकण टेबलावर ठेवलं. बाही सरळ केली. मग त्यांनी हात पुसला नाही, काही चोळलं नाही, दोन बोटं भांड्यात घातली आणि जेवढं आलं तेवढं सगळं तोंडात घेतलं. गिळायला त्यांना बराच वेळ लागला. गिळलं. डोळ्यांत पाणी होतं, ते आंबटपणाचं होतं असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

मग ते उठले, कठड्यापाशी गेले, आणि पुढचं जे घडलं नाही ते घडलं.

खाली थरथरणारी पानं होती. त्यांच्यावर दोनदा आवाज झाला. मी भयंकर घाबरलो. ज्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही, त्याच्या डोक्यावर आमच्या घरच्या थोरल्याने हे करून ठेवलं होतं. मला वाटलं लग्न गेलं, आईचं हो गेलं, सगळं धुऊन गेलं. माझ्या गळ्याशी थांबलेलंही त्याच वेळी परत खाली गेलं, एका घरातून एकच पुरे म्हणून असेल.

आंटी उठली. घाई न करता पाण्याची बादली आणली, कठड्यावरून खाली ओतली. काकांच्या पाठीवरून हात फिरवला. काका माफी मागायला लागले, इंग्रजीत, सदर प्रकाराबद्दल दिलगिरी वगैरे. तिने त्यांना गप्प केलं. तिने खाली बघितलं. पानांवरून ते सगळं ओघळून चिखलात जात होतं.

"काळजी करू नका," ती म्हणाली. "सगळं असंच सुरू झालं होतं."

काकांनी तोंड पुसायला खिशात हात घातला. रुमाल गाठ मारलेल्या पिशवीत होता. आंटीने आपल्या झग्याचं टोक पुढे केलं आणि काकांनी त्याला तोंड पुसलं. सकाळी याच बाईचा श्वास त्यांनी अठरा सेकंद बाहेर ठेवला होता. मग ते परत येऊन भांड्यापाशी बसले. झाकण कुणी ठेवलं नाही. संध्याकाळपर्यंत भांडं उघडं होतं आणि त्यामुळे कुणी भांडलं नाही. तसं भांडायला कुणाकडे काही उरलंही नव्हतं.

लग्न डिसेंबरात झालं. ताईला आता एक मुलगी आहे, तिला अंघोळीपेक्षा चिखल आवडतो. काका आमच्याकडे आले की अजून मोरी बघतात. बघून झालं की न्हाणीमागे जातात आणि तिथे जरा जास्तच वेळ लावतात. तिथे तपासण्यासारखं काही नाही. परत येताना हात ओले नसतात.

फदफदं मी खातो. किळस येते, पहिल्या घासाला दर वेळी येते. मग दुसरा घास घेतो.

मागच्या महिन्यात आई म्हणाली, त्याचं नाव कुठेतरी लिहून ठेवा रे, मी आहे तोवर. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही, दाखला नाही, तो जगात कुठे होता याला कागद नाही. कुठे लिहायचं, मी विचारलं. आई म्हणाली, तुझं जिथे लिहिलंय तिथे. म्हणून कालच मी रीतसर अर्ज टाईप केला आणि पोच घेऊन दिला. पोच देणाऱ्याने तो वाचला नाही, नाहीतर पोच मिळाली नसती. अर्ज असा:

प्रति,
मा. तलाठी,
सजा केळशेत.

विषय : सातबारा उताऱ्यावर राहून गेलेल्या थोरल्या वारसाची नोंद करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, आमचे वडील मयत झाल्यावर उताऱ्यावर आई, बहीण व मी अशी तिघांची वारस म्हणून नोंद झालेली आहे. त्या वेळी माझे थोरले बंधू हृषीकेश यांचे नाव अनवधानाने राहून गेले. ते सदर मिळकतीत न्हाणीच्या मागील बाजूस, अंदाजे चार फूट बाय सहा फूट जागेत, आम्हा दोघा भावंडांच्या जन्माच्या आधीपासून राहत असून, त्यांचा ताबा अखंड, उघड व विनातक्रार आहे. आजतागायत कुटुंबाच्या भाजीचा खर्च त्यांनीच चालवलेला आहे.

त्यांचे व माझे नाव एकच असल्याने घोटाळा होऊ नये म्हणून त्यांच्यापुढे 'थोरले' व माझ्यापुढे 'धाकटा' असे लिहावे. ते कार्यालयात समक्ष हजर राहू शकत नाहीत. अंगठ्याच्या ठशाऐवजी त्यांचे एक पान सोबत जोडले आहे. पान हाताळल्यावर हाताला खाज सुटल्यास ती त्यांची ओळख पटल्याची खूण समजावी. पंचनाम्यासाठी आपण स्वतः येणार असल्यास पायांत काही न घालता यावे व त्या दिवशी जेवून जावे.

तरी सदर नोंद आमच्या मातोश्री हयात असेतोवर करून मिळावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
हृषीकेश फणसळकर (धाकटा)